ओलावा

बत्तीस हंगाम मी कापूस मुठीत दाबला.
गाडी काट्यावरून उतरली की हमाल म्हणत,
थांबा, अलीशाभाऊंना येऊ द्या.
गंजीत कोपरापर्यंत हात घालायचा,
मधला कापूस ओढायचा, वरचा नाही,
वरचा सगळेच चांगला ठेवतात.
मूठ आवळायची, सोडायची,
आणि तो किती सावकाश फुगतो ते पाहायचं.
नऊ टक्के, म्हणायचो मी. किंवा चौदा.
किंवा, काल रात्री पाणी शिंपडलंस ना रे?
आणि माणूस खाली पाहायचा.

खाली पाहणारी माणसं बघायची
सवय लागते.

रविवारी तोच हात मी मंदिरात घेऊन जायचो.
पत्र्याचं छप्पर, सत्तावीस माणसं,
मी मंडळीचा वडील.
एका डिसेंबरात साक्ष द्यायला दीनाबाई उठली,
वसतिगृहात स्वयंपाक करायची ती.
म्हणाली, पहाटे तीनला हापशीवर गेले होते,
आणि कोणीतरी मला नावानं हाक मारली.
एकदाच. मागं कोणी नव्हतं.

मी तीन प्रश्न विचारले.
आवाज बाईचा की पुरुषाचा?
पुढं काही सांगितलं का?
उपाशी होतीस का?
मग मूठ आवळली, सोडली,
आणि सगळ्यांसमोर म्हणालो,
हा आवाज प्रभूचा नाही.

ती बसली.
गीतांचं पुस्तक पिशवीत घातलं, नाडी ओढली.
त्यानंतर अकरा वर्षं ती दर रविवारी आली,
सतरंज्या झटकल्या, अंथरल्या,
साक्षीला उठली नाही.
याला मी तेव्हा
मंडळीतली शिस्त म्हणायचो.

मग मालकाच्या मुलानं एक यंत्र आणलं,
दोन सुया कापसात खुपसायच्या, आकडा दिसतो.
गंमत म्हणून लावून पाहू, काका, म्हणाला.
दहा गाड्या. तीन मी चुकलो.
एकीला मी चौदा म्हणालो, ती आठची निघाली.
गाडीवाला हसला नाही, काही बोललाही नाही.
मीच घरापर्यंत मोजत आलो,
बत्तीस हंगाम, हंगामाला इतक्या गाड्या,
दहातल्या तीन.
आणि जी माणसं खाली पाहायची
त्यातली किती नुसती दमलेली होती.

आमचा हा खारपाणपट्टा.
विहिरीचं पाणी निवळशंख,
तहानलेला पाहुणा वाकतो, ओंजळ भरतो, थुंकतो.
इथं डोळ्यांवर कोणी विसंबत नाही.
मी हातावर विसंबलो, एवढंच.
शास्त्र आहे, प्रार्थना आहे,
ती मी सोडलेली नाहीत.
पण सरकी आत असते, प्रभू,
आणि माझ्याजवळ फक्त मूठ.

दीनाबाईकडे गेलो. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती.
म्हणालो, त्या दिवशी मी जे बोललो
ते मला ठाऊक नव्हतं.
तिनं सूप सरकवून जागा केली.
"मले तरी कुठं पक्कं मालूम हाय, भाऊ,
हाक होती का वारं होतं.
हाक आल्यावानी वाटली, मी ओ म्हनलं.
ओ म्हनाले काय लागते?"

मला कधी हाक आली नाही.
की आली,
आणि मी ओलावा पाहत राहिलो?

बराच वेळ शेंगा सोलल्या.
काही दाणे किडके होते,
ते तिनं मला न सांगता बाजूला काढले.
निघताना म्हणाली, थांबा,
आणि माझ्या कॉलरमागून
कापसाचा एक पुंजका ओढून काढला.
जिनिंग सोडून मला दोन वर्षं झाली होती.
"हा कधीचा, भाऊ?"
मला सांगता आलं नाही.